मोठी चाकं, रुंद टायर : वाचकांचे प्रश्न

या वेळी निवडलेले सगळे प्रश्न चाकांचेच आहेत. पत्रं धुळे, जळगाव आणि नंदुरबार जिल्ह्यांतली आहेत, त्यामुळे उत्तरांत इथलं ऊन आणि काळ्या मातीवरचे रस्तेही हिशेबात धरले आहेत.

प्रश्न : माझी फोक्सवॅगन व्हर्चस जीटी आहे, १.५ लिटरची. कंपनीचे टायर २०५/५५ आर१६. दुकानदार म्हणतो १८ इंची अलॉय टाका, गाडी भरलेली दिसेल. २१५/४५ चा सेट त्याच्याकडे तयार आहे. धुळे-पारोळा-एरंडोल-जळगाव असं रोजचं जाणं-येणं आहे. घ्यावा का? (धुळे)

उत्तर : नका घेऊ. टायरच्या अंगावर छापलेल्या आकड्यांचा हिशेब मांडलात की कारण तुम्हालाच दिसेल.

२०५ ही रुंदी, मिलिमीटरमध्ये. ५५ म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ५५ टक्के, म्हणजे ११३ मिमी. १६ इंची रिम म्हणजे ४०६ मिमी. वरची आणि खालची अशा दोन भिंती आणि रिम यांची बेरीज केली की चाकाचा पूर्ण व्यास येतो ६३२ मिमी. रिम कोणतीही घ्या, हा व्यास राखायचा. एक-दीड टक्का इकडेतिकडे चालतं. दुकानदाराचा २१५/४५ आर१८ भरतो ६५१ मिमी, म्हणजे तीन टक्के जास्त. आज मीटर ज्या वेगाला १०० दाखवतो, त्याच्या तीन टक्के पुढे गाडी असताना तो तेव्हा १०० दाखवेल. किलोमीटर कमी मोजले जातील, प्रत्येक गिअर तेवढाच लांब होईल, पिकअप मंद वाटेल. शिवाय चाकाची त्रिज्या साडेनऊ मिमीने वाढते, म्हणजे मडगार्डच्या आतली तेवढी जागा गेली.

१८ इंचात हिशेबाला बसतो तो २२५/४० आर१८, व्यास ६३७ मिमी. पण त्याची भिंत उरते ९० मिमी, कंपनीच्या टायरपेक्षा २३ मिमी बुटकी. आणि ही भिंत हाच गाडीचा पहिला शॉकअप असतो. खड्ड्याच्या कडेवर चाक आपटलं की टायर दबतो. भिंत बुटकी असेल तर तो रिम आणि खड्ड्याची कड यांच्यामध्ये चेंगरतो, आतले दोरे तुटतात आणि चार-आठ दिवसांनी भिंतीवर लिंबाएवढा फुगा दिसतो. फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाही, पंक्चरवाला काहीही म्हणो. त्यातच रिमही वाकली असेल तर ट्यूबलेसमधून हवा झिरपत राहते. तुमच्या वाटेवर जिथे चौपदरी संपून वळणरस्ता किंवा गावातला जुना तुकडा लागतो, तिथे रात्री समोरून केळीचा ट्रक हाय बीम टाकून आला की खड्डा दिसायच्या आतच चाक त्यात गेलेलं असतं. १८ ची हौस अशा रस्त्यावर रोज चालवायच्या गाडीसाठी नाही.

एक इंच वाढवा, १७ वर थांबा. दोन मापं जमतात : २०५/५० आर१७ (६३७ मिमी, भिंत १०३) आणि २२५/४५ आर१७ (६३४ मिमी, भिंत १०१). आमचं मत पहिल्याच्या बाजूने आहे. रुंद टायर म्हणजे रस्त्यावर जास्त रबर, असं सगळे धरून चालतात. ते अर्धंच खरं आहे. रस्त्याला टेकणारा रबराचा ठसा मुख्यतः चाकावरचा भार भागिले हवेचा दाब या गणितावर ठरतो. एका चाकावर ४०० किलो आणि आत ३२ पीएसआय असेल तर ठसा साधारण १७५ चौरस सेंटीमीटरचा, म्हणजे पंजापेक्षा थोडा मोठा. टायर रुंद केला की क्षेत्रफळ फारसं बदलत नाही, ठशाचा आकार बदलतो : आडवा रुंद, लांबीला आखूड. वळणावर गाडी चटकन वळते, हा त्याचा खरा फायदा. तोटा पावसात दिसतो. रुंद ठशाला समोरचं जास्त पाणी बाजूला सारावं लागतं, म्हणून साचलेल्या पाण्यावर तो अरुंद टायरच्या आधी तरंगतो. ब्रेक लवकर लागावा अशी इच्छा असेल तर रुंदीपेक्षा रबराच्या दर्जावर पैसे घाला.

विकत घेण्याआधी चार गोष्टी जुळवा. पहिली, बोल्टचं वर्तुळ, म्हणजे पीसीडी : तुमच्या गाडीला ५×१०० (पाच बोल्ट, १०० मिमीचं वर्तुळ), मधलं भोक ५७.१ मिमी. ५×११२ चे अलॉय बाजारात भरपूर मिळतात, तेही याच कंपनीच्या मोठ्या गाड्यांचे. "थोडं ॲडजस्ट होतं" असं कुणी म्हटलं तर दुकानातून बाहेर पडा. दुसरी, भार. तुमच्या टायरवर ९१व्ही आहे. ९१ म्हणजे ६१५ किलो, व्ही म्हणजे ताशी २४० किमी. २०५/५० आर१७ साध्या बांधणीत ८९ मध्येही मिळतो, म्हणजे ५८० किलो, तो कमी पडतो. ९३ लिहिलेला, एक्सएल (म्हणजे जास्त भाराची) खूण असलेला घ्या (६५० किलो). एक्सएल टायर भार उचलतो तो जास्त हवेवर, तेव्हा दाराच्या चौकटीवर लिहिलेल्या दाबापेक्षा २ पीएसआय जास्त ठेवा.

तिसरी गोष्ट ऑफसेट, आणि सर्वांत जास्त चुका इथेच होतात. रिमच्या मागच्या बाजूला 'ईटी' आणि पुढे आकडा कोरलेला असतो. हबला, म्हणजे गाडीच्या ज्या भागावर चाक कसलं जातं त्याला, टेकणारा भाग रिमच्या मध्यरेषेपासून किती मिमी बाहेरच्या अंगाला आहे, ते हा आकडा सांगतो. समजा जुनी रिम ६ इंच रुंद, ईटी ४० आहे आणि दुकानदार ७.५ इंची, ईटी ३८ दाखवतोय. निम्म्या रुंदीतून ईटी वजा केला की बाहेरची बाजू मिळते, मिळवला की आतली. जुनी : बाहेर ३६, आत ११६. नवी : बाहेर ५७, आत १३३. म्हणजे चाक बाहेर २१ मिमी सरकलं आणि आत, शॉकअपच्या बाजूला, १७ मिमी. तेवढी जागा आहे का? तुमच्या स्वतःच्या रिमवरचे आकडे घालून हाच हिशेब करा. ७ इंची रिम आणि ईटी मूळचाच ठेवलात तर दोन्हीकडे पावणेतेरा-पावणेतेरा मिमी वाढतात, आणि ते सांभाळणं सोपं असतं. जागा मोजायला घट्ट मळलेली कणीक घ्या. गव्हाचीच; कळण्याचं पीठ तुटून पडतं. जुनं चाक जागेवर असताना, गाडी जमिनीवर उभी करून, टायर आणि शॉकअप यांच्या फटीत कणकेचा गोळा दाबा, काढा, सुरीने कापा आणि जाडी मोजा. जाडीतून वाढलेली मापं वजा केल्यावर निदान ५-६ मिमी उरले पाहिजेत.

चौथी गोष्ट बोल्ट. तुमच्या गाडीचे मूळ बोल्ट एम१४×१.५ (जाडी १४ मिमी, आट्यांतलं अंतर १.५ मिमी), आणि त्यांची बैठक गोल असते, अर्ध्या लिंबासारखी. बाहेरून घेतलेल्या बहुतेक अलॉयना ६० अंशांची निमुळती बैठक लागते. गोल बोल्ट निमुळत्या भोकात कसला की तो फक्त एका रेघेवर टेकतो. टॉर्क, म्हणजे कसण्याचा जोर, बरोबर दाखवतो आणि शंभर किलोमीटरनंतर बोल्ट सैल झालेला असतो. नवीन अलॉयबरोबर निमुळते बोल्ट घ्या, आणि मूळचे पाच बोल्ट डिकीत ठेवा, कारण स्टेपनीची रिम जुन्याच बैठकीची आहे. नवे बोल्ट घेऊन स्टेपनी बसवायची वेळ हायवेवर रात्री आली तर फजिती नक्की. दोन्हींचा टॉर्क १२० न्यूटन-मीटर.

प्रश्न : मनी गाडीनं चाक मडगार्डले घासस, काय करू भाऊ? गाडी आय२० एन लाइन, १७ इंची अलॉय, ७.५ इंच रुंद, टायर २०५/५० आर१७. एकटा असलो की काही नाही. चौघं बसून कन्नड घाटाकडे निघालो की मागून खर्र आवाज. टायरवाला म्हणतो मडगार्डची कड आत ठोकून देतो. (चाळीसगाव)

उत्तर : हातोडी राहू द्या, आधी टायरचं माप बदला. तुमच्या गाडीचा मूळ टायर १९५/५५ आर१६, व्यास ६२१ मिमी. आत्ताचा ६३७. अडीच टक्क्यांहून जास्त मोठा. रिम रुंद झाल्याने टायर बाहेर आलाच होता, त्यात तो उंचही झाला.

चौघांनी का घासतं, एकट्याने का नाही? चौघांच्या वजनाने मागच्या स्प्रिंगा आधीच दबलेल्या असतात. त्यात इथली काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते आणि तिच्यावरचा डांबरी रस्ता कालांतराने लाटांसारखा होतो. खड्डा दिसत नाही, पण ऐंशीच्या वेगाने त्या लाटेवरून गेलं की मागच्या दोन्ही स्प्रिंगा एकदम दबतात. स्पीडब्रेकरवर आपण गाडी हळू करतो, तिथे एवढं दाबलं जात नाही. म्हणून दुकानासमोरच्या स्पीडब्रेकरवरची चाचणी पास होते आणि घाटाच्या वाटेवर टायर ओरडतो.

२०५/४५ आर१७ घ्या, ८८ भारांक आणि एक्सएल खूण असलेला. व्यास ६१६ मिमी, मूळ टायरपेक्षा जेमतेम पाऊण टक्का लहान. ७.५ इंची रिमला तो चालतो. ८८ म्हणजे ५६० किलो. मूळ टायर ८७ चा, ५४५ किलोचा, म्हणजे भारातही कमतरता नाही. त्रिज्या आत्ताच्यापेक्षा १० मिमी कमी होते आणि एवढ्यात बहुतेक वेळा घासणं थांबतं. साध्या बांधणीतला ८४ चा टायर (५०० किलो) स्वस्त मिळेल, तो घेऊ नका.

बदलल्यावर खात्री करून घ्या. टायरच्या खांद्यावर आणि भिंतीच्या वरच्या भागावर जाड खडू फासा. मागे दोन माणसं बसवा, डिकीत सिमेंटची दोन पोती ठेवा, तोच रस्ता त्याच वेगाने पार करा. खडू कुठे पुसलाय ते बघा. भिंतीवर पुसला असेल तर मडगार्डच्या कडेला लागतोय, खांद्यावर पुसला असेल तर आतल्या प्लास्टिक लायनरला. लायनरला हलकासा लागत असेल तर तो हीट गनने गरम करून आत दाबता येतो. पुढची चाकं तपासताना स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून रिव्हर्सही घ्या. पुढे जाताना न लागणारा टायर मागे येताना लागतो.

कड आत वळवणं हा शेवटचा उपाय, तोही रोलरने आणि रंग गरम करून. हातोडीने ठोकलं की रंगाला केसाएवढी चीर पडते आणि दोन पावसाळ्यांत तिथून गंज निघतो. स्प्रिंगच्या वेटोळ्यांत रबरी बफर अडकवायचा सल्लाही कुणीतरी देईलच. त्याने गाडी उचललेली दिसते, पण स्प्रिंगची मोकळी वेटोळी अडवली जातात आणि उरलेल्यांवर ताण येतो. नको.

प्रश्न : १८ इंची चाकांची जुनी पोर्शा बॉक्स्टर एस (९८७) घेतली आहे. मागचे टायर पुढच्यापेक्षा रुंद आहेत. १९ इंची सेट टाकायचा आहे, मागे २८५ रुंदी हवी. की चारही चाकं सारखी करून घेऊ, म्हणजे टायर अदलाबदल करता येतील? (जळगाव)

उत्तर : सारखी करू नका. या गाडीचं इंजिन सीटच्या मागे आहे, वजनाचा मोठा वाटा मागच्या चाकांवर येतो, म्हणून मागचा टायर रुंद दिला आहे. चारही सारखे केले तर भर वळणावर एक्सलेटर सोडताच शेपूट बाहेर येण्याची प्रवृत्ती वाढते. मागे २८५ आणि पुढे होता तोच २३५ ठेवला तर उलट होतं : मागची पकड वाढते, पुढची तेवढीच राहते, आणि गाडी वळायच्या ऐवजी नाक पुढे रेटत सरळ जाऊ पाहते. गाडीच्या स्वभावातला समतोल विकत घेतलात, तो टायरच्या दुकानात मोडू नका.

१९ चा हिशेब खुद्द कंपनीने करून ठेवला आहे. तुमच्या १८ च्या सेटमध्ये पुढे ८ इंची रिम, ईटी ५७, टायर २३५/४० आर१८. मागे ९ इंची, ईटी ४३, टायर २६५/४० आर१८. कंपनीचाच १९ चा सेट : पुढे ८ इंची, ईटी ५७, २३५/३५ आर१९, मागे ९.५ इंची, ईटी ४६, २६५/३५ आर१९. व्यास बघा. पुढे ६४५ चा ६४७ झाला, मागे ६६९ चा ६६८. रिम एका इंचाने वाढली आणि चाक जवळपास तेवढंच राहिलं. मागची रिम अर्धा इंच रुंद केली तेव्हा ईटी तीनने वाढवला, म्हणून ती बाहेर साडेतीन मिमीच येते आणि उरलेली साडेनऊ आत जाते. बाहेरच्या अलॉयवाल्याकडून घ्यायचं झालं तरी हेच चार आकडे पुढ्यात ठेवा. एबीएस आणि घसरणरोधक यंत्रणा पुढच्या-मागच्या चाकांचे फेरे एकमेकांशी ताडून बघतात. ते प्रमाण बिघडलं की दिवा लागतो, किंवा त्याहून वाईट, नको तेव्हा ब्रेक लागतो.

पीसीडी ५×१३०, मधलं भोक ७१.६, बोल्ट एम१४×१.५ गोल बैठकीचे, टॉर्क १३० न्यूटन-मीटर. टायरवर एन० , एन१ अशी खूण असेल तर तो टायर पोर्शाने स्वतः तपासून मान्य केलेला आहे. पुढे-मागे एकाच खुणेची जोडी घाला.

हे सगळं जमत असलं तरी आमचा सल्ला १८ वरच राहण्याचा. १९ मध्ये पुढची भिंत ८२ मिमी उरते. या गाडीत नेहमीची स्टेपनी नसते, सीलंट आणि छोटा कॉम्प्रेसर असतो, आणि भिंतीला चीर गेली तर सीलंटचा उपयोग शून्य. चोपडा-शिरपूर रस्त्यावर रविवारी दुपारी अशी चीर गेली की गाडी उचलून न्यावी लागेल, आणि खाली वाकलेल्या नाकामुळे साध्या टोईंगला ती लावताही येणार नाही. सपाट पाटाची गाडीच मागवावी लागेल. १९ चे पैसे चांगल्या १८ च्या टायरांवर घाला. जुन्या गाडीबरोबर आलेल्या टायरची नक्षी शाबूत दिसली तरी भिंतीवरचा चार आकडी शिक्का वाचा : १४२२ म्हणजे २०२२ सालचा १४वा आठवडा. दहा वर्षांचा टायर गॅरेजमध्ये झाकून ठेवलेला असला तरी त्याचं रबर कडक झालेलं असतं.

प्रश्न : स्विफ्टला नवीन अलॉय टाकले. ८० ते १०० मध्ये स्टेअरिंग थरथरतं. तीन ठिकाणी बॅलन्सिंग केलं, मशीन प्रत्येक वेळी शून्य दाखवतं. (अमळनेर)

उत्तर : मशीन खरं बोलतंय आणि स्टेअरिंगही. चाक मशीनवर मध्यात बसतं आणि गाडीवर बसत नाही.

स्विफ्टच्या हबचा मधला उंचवटा ५४.१ मिमीचा. बाहेरचे अलॉय अनेक गाड्यांना चालावेत म्हणून मोठ्या भोकाचे बनवतात, बऱ्याचदा ७३.१ मिमीचे. म्हणजे हबच्या चारही बाजूंना साडेनऊ मिमी मोकळी जागा. मशीनवर चाक शंकूने मध्यावर धरलं जातं, म्हणून शून्य येतं. गाडीवर त्या भोकाला आधारच नाही. चार नट जिथे ओढतील तिथे ते बसतं, आणि एक मिमी जरी बाजूला बसलं तरी प्रत्येक फेऱ्याला झटका देतं.

भोक व्हर्नियरने मोजा आणि त्या मापाची हब रिंग घ्या, उदाहरणार्थ ७३.१ बाहेर, ५४.१ आत. प्लास्टिकची नको, ॲल्युमिनियमची घ्या; घाट उतरताना हब तापला की प्लास्टिक मऊ पडतं. बसवायच्या आधी हबचा चेहरा तारेच्या ब्रशने घासून चकचकीत करा. गंजाचा एक पापुद्रा अडकला तरी चाक तिरकं बसतं. रिंग हाताने दाबून बसली पाहिजे, ठोकावी लागत असेल तर माप चुकलंय.

मग चाक अधांतरी असतानाच सगळे नट हाताने, समोरासमोरच्या क्रमाने फिरवा. हाताने शेवटपर्यंत जात नसेल तर थांबा आणि नट तपासा. मारुतीचे नट एम१२×१.२५ असतात, ह्युंदाईचे एम१२×१.५. दोन्ही दिसायला सारखे, आणि हवेच्या गनला फरक कळत नाही. ती चुकीचा नटही आत घुसवते आणि स्टडचे आटे खाऊन टाकते. गन लावूच देऊ नका. गाडी खाली उतरवून टॉर्क रेंचने हॅन्डबुकातल्या आकड्यापर्यंत दोन फेऱ्यांत कसा, ५० ते १०० किमी चालवून पुन्हा एकदा बघा. बॅलन्सिंगची चिकट वजनं आतून लावली असतील तर ती जागा आधी पुसून कोरडी केली होती का तेही विचारा. तेलकट रिमवर चिकटवलेलं वजन मे महिन्यात स्वतःहून उडतं, आणि थरथर परत येते.

प्रश्न : मोठी चाकं टाकली तर आरटीओ अडवेल का? विम्याचं काय? (नंदुरबार)

उत्तर : मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणीतल्या तपशिलांपेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच सांगितलं आहे. बेकायदा बदलासाठी मालकाला कलम १८२अ खाली प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. सर्वांत सुरक्षित मार्ग म्हणजे तुमच्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरिएंटला कंपनीने दिलेलं माप. एखाद्या गाडीच्या खालच्या व्हेरिएंटला १४ इंच आणि वरच्याला १५ इंच असेल, तर ते १५ चं माप कंपनीनेच त्या मॉडेलसाठी मंजूर करून घेतलेलं असतं. मडगार्डच्या बाहेर डोकावणारा टायर मात्र लांबूनच दिसतो, तिथे वाद घालायला जागा नाही. विमा कंपनीला अलॉयची पावती जोडून लेखी कळवा आणि पॉलिसीत नोंद करून घ्या. नोंद नसलेल्या चाकांचे पैसे अपघातानंतर मिळत नाहीत, आणि दावा अडवायला सर्व्हेअरला निमित्तही मिळतं.

प्रश्न : भुसावळचं ऊन तुम्हाला माहीतच आहे. लो प्रोफाइल (बुटक्या भिंतीच्या) टायरमध्ये मे महिन्यात हवा कमी ठेवायची का? नायट्रोजन भरू का? (भुसावळ)

उत्तर : कमी नाही. उन्हाळ्यात टायर फुटतात ते बहुतेक कमी हवेने : भिंत प्रत्येक फेऱ्याला जास्त वाकते, आतून तापते आणि थर सुटतात. दर १० अंशांमागे दाब साधारण दीड पीएसआय वाढतो, आणि टायर तो धरून बनवलेला असतो. पहाटे, गाडी हलवायच्या आधी, हवा तपासा. दुपारी दोनला ६० अंशांपर्यंत तापलेल्या टायरमध्ये ३३ भरलीत, तर दुसऱ्या दिवशी पहाटे २७ अंशांवर तीच २८ भरेल. तापलेल्या टायरची वाढलेली हवा काढून टाकणं हीच सर्वांत मोठी चूक. नायट्रोजनने बिघडत काही नाही, पण साध्या हवेतही तो ७८ टक्के असतोच. त्या पैशांत स्वतःचा दाबमापक घ्या.

प्रश्न : जुने अलॉय स्वस्तात मिळताहेत, काय बघू? (शिरपूर)

उत्तर : टायर उतरवल्याशिवाय पैसे देऊ नका. रिमच्या आतल्या कडेला बोट फिरवा. बाहेरची कड रंगवून विकतात, आतली कुणी रंगवत नाही, आणि वाकलेली रिम आतच वाकलेली असते. बॅलन्सिंग मशीनवर रिकामी रिम फिरवून काठाजवळ पेन्सिल धरा. एक मिमीच्या वर हललं तर सोडा. आऱ्यांच्या मुळाशी आणि नटांच्या भोकांभोवती बारीक चीर शोधा, त्यासाठी रिमला रॉकेल लावा, पुसून कोरडी करा आणि वर खडूची भुकटी लावा. चीर असेल तर तिथे तेलाची रेघ उमटते. वेल्डिंग केलेली रिम फुकट मिळाली तरी नको. मागच्या बाजूला रुंदी, ईटी आणि किलोत भार कोरलेला नसेल तर पुढची बोलणी करूच नका. शेवटी चारही रिमा भुसार दुकानाच्या काट्यावर ठेवा. एखादी बाकीच्यांपेक्षा पाव किलोने वेगळी भरली तर ती त्या सेटमधली नाही.